यमुनाक्कांची सहामाही

नवा माणूस दिसला की लोक नाव विचारतात, गाव विचारतात, आणि आमच्या म्हैसूरकडच्या मराठी मंडळींपैकी असतील तर आडनावावरून थेट पणजोबांपर्यंत जाऊन पोचतात. यमुनाक्कांनी मला विचारलं, "तुमच्याकडे दोसा कशावर घालतात?"

मी हुणसूरहून बॅग घेऊन त्यांच्या माडीवरची खोली बघायला आले होते. म्हैसुरात जाहिरातींना आवाज द्यायचं काम मिळालं होतं आणि राहायला जागा हवी होती. मी आपलं सरळ सांगून टाकलं, "नॉनस्टिकवर."

"अय्यो देवा!" त्यांनी छातीला हात लावला आणि आत बघून ओरडल्या, "अहो, ऐकलंत का? पोरगी चांगल्या घरची दिसतेय, पण नॉनस्टिकवर वाढलीय!"

आतून त्यांच्या यजमानांचा, भीमोजीरावांचा शांत आवाज आला, "मग खोली द्यायची की नाही?"

"द्यायची की. पोरीचा काय दोष त्यात? आईनं बघायला हवं होतं."

अशी मी त्या घरात शिरले.

यमुनाक्का बुटक्या, गोल, नऊवारी नेसत नव्हत्या पण पदर असा खोचायच्या की आता कुणाशी तरी कुस्ती आहे असं वाटावं. बोटांची टोकं कायम काळी. लग्नाकार्यात सगळ्या बायका मेंदीचे हात मिरवायच्या, तिथं या आपली काळी बोटं तेवढ्याच थाटात पुढं करून विडा घ्यायच्या. अंगाला एरंडेल आणि कांदा यांचा मिळून एक वास. आवाज तर असा की एकाच वाक्यात तळमजल्यावरून निघून गच्चीवर जायचा: "गिणीऽ, तू परत तवा नळाखाली धरलास कीऽऽ!" गिणी म्हणजे कन्नडात पोपट. मी येता-जाता सगळ्यांच्या नकला करायची म्हणून त्यांनीच ठेवलेलं नाव. त्यांची नक्कल मी त्यांच्यासमोरच करायची. त्या पूर्ण ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरी आहे. पण मी एवढ्या हळू बोलत नाही."

घराच्या पडवीत त्यांचा दवाखाना होता. पाटी वगैरे नव्हती, पण सकाळी फाटक वाजलं की समजायचं, पेशंट आला. पेशंट म्हणजे बिडाचे जुने तवे, कढया, आप्पेपात्रं. कुणाला आजीच्या माळ्यावर सापडलेला, कुणाच्या घरी पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून पडलेला, कुणी लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवलेला. गंजून पार वीट झालेले. लोक ते वर्तमानपत्रात गुंडाळून, तापलेलं मूल आणावं तशा चेहऱ्यानं आणायचे. यमुनाक्का तवा मांडीवर घ्यायच्या, बोटाच्या पेरानं टकटक करायच्या आणि कान लावायच्या. खण्ण वाजलं की, "जीव आहे." ठप्प वाजलं की कुठंतरी चीर आहे, मग त्या तवा परत द्यायच्या आणि गंभीरपणे सांगायच्या, "गेला. यावर तुळशीची कुंडी ठेवा."

एकदा जीव आहे ठरलं की उपचार. तांदळाच्या धुवणात भिजत घालणं, जाड मीठ आणि नारळाच्या शेंडीनं घासणं, विस्तवावर ठेवून शेवटच्या थेंबापर्यंत वाळवणं. मग एरंडेलाचा हात, धूर येईपर्यंत ताव, थंड, परत हात, परत ताव. शेवटी अर्धा चिरलेला कांदा घेऊन गोल गोल. तेल किती लावायचं यावर त्यांचा कायदा ठरलेला होता. "तेल असं लावायचं की तव्याला कळावं आणि बघणाऱ्याला कळू नये."

तव्यातून काळा तकाकीचा थर उमटायला लागला की त्याला त्या बाळंतीण म्हणायच्या. "सुम्ने बघायला यायचं नाही," असं तव्याच्या मालकांनाच दटावायच्या, सुम्ने म्हणजे उगाच. "ही बाळंतीण आहे. हिला शेक हवा, तेल हवं. थंड पाणी नको, चिंच नको, टोमॅटो नको, आणि तुमची बडबड नको."

एक नवी नवरी एकदा तवा न्यायला आली. तिनं लाजत विचारलं, "अक्का, पहिले दोसे चिकटतील ना? ते मग कुणाला घालायचे? गाईला?"

"गाईनं काय केलंय तुझं?" यमुनाक्का म्हणाल्या. "नवऱ्याला घाल. तव्यालाही वळण लागतं, त्यालाही."

गोकुलम भागात योगासनं शिकायला आलेली एक परदेशी बाईसुद्धा आली होती. तिनं जुन्या बाजारातून आप्पेपात्र घेतलं होतं आणि त्याच्या प्रत्येक खळग्यात मेणबत्ती लावून ती ध्यानाला बसायची. मेण निघेना म्हणून कुणीतरी तिला इथं पाठवलं. यमुनाक्का ते पात्र बघून आधी हसल्या, मग चिडल्या आणि मग इंग्रजी बोलल्या. "धिस नॉट दिवा. धिस मदर. यू फर्स्ट ईट, देन शांती."

बाई बिचारी महिनाभरानं स्वतः केलेले आप्पे डब्यात घालून घेऊन आली. यमुनाक्कांनी एक तोंडात टाकला आणि मराठीत म्हणाल्या, "मिठाचा पत्ता नाही. पण सुटलेत बरे." मी इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतायत अप्रतिम झालेत." बाईनं त्यांना मिठीच मारली. तिच्या खांद्यावरून यमुनाक्का मला दरडावत होत्या, "मी एवढं लांबलचक कुठं बोलले गं?"

पण हे सगळे बाहेरचे पेशंट. घरातला तवा वेगळा. तो पडवीत कधी यायचा नाही. आत ओट्याशेजारी, सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला असायचा. जाड, रुंद, पाण्यातून बाहेर आलेल्या म्हशीसारखा काळा आणि तुकतुकीत. त्याच्यावर पीठ घातलं की चर्रर्र असा आवाज यायचा आणि दोसा आपला आपण कडा सोडायचा. मला त्याच्यावरचे दोसे खायची मुभा होती. हात लावायची नव्हती.

हे घराणं जुन्या म्हैसूर फौजेतल्या शिपायांचं. अशा घरांतून खंडेनवमीला पाटावर तलवार मांडतात. यांच्या घरातली तलवार मात्र कधीच गेलेली. कुणी विकली, यावर प्रत्येक भाऊबंद दुसऱ्याच्या आजोबाचं नाव सांगतो. तर यमुनाक्कांच्या सासूबाईंनी एका खंडेनवमीला सरळ तवा आणून पाटावर ठेवला आणि म्हणाल्या, "तलवारीनं कुणाचं पोट भरलं? यानं भरलं." तेव्हापासून त्या घरात दरवर्षी तव्याला हळदकुंकू, झेंडूची माळ आणि उदबत्ती.

सासूबाईंना सुना दोन, तवा एकच. थोरली यमुनाक्का म्हैसुरात, धाकटी गिरिजाक्का बन्नूरला, उसाच्या शेतीत. म्हणून सासूबाईंनी जाताना सहामाही लावून दिली. उगादीच्या पाडव्यापासून खंडेनवमीपर्यंत तवा थोरलीकडे, खंडेनवमीपासून पाडव्यापर्यंत धाकटीकडे. आणि वर एक अट: जिच्या घरी तवा बिघडेल तिचा हक्क संपला. मग तो कायमचा दुसरीचा.

बाई हुशार होत्या. दोघी सुना आयुष्यभर त्या तव्याला डोळ्यांत तेल घालून जपत राहिल्या. आणि आयुष्यभर एकमेकींशी बोलल्या नाहीत.

म्हणजे बोलायच्या, पण भीमोजीरावांतर्फे. खंडेनवमीला गिरिजाक्का तवा न्यायला आल्या की दोघी जावा तव्याच्या दोन बाजूंना बसायच्या आणि मध्ये भीमोजीराव, दोन देशांच्या सीमेवरच्या खांबासारखे.

"सांगा त्यांना, भाऊजी," गिरिजाक्का तव्यावरून बोट फिरवत म्हणायच्या, "कडेला तेल जास्त झालंय."

"सांगा त्यांना," यमुनाक्का छताकडे बघत म्हणायच्या, "पाडव्याला बन्नूरहून आला तेव्हा मध्ये फिकट होता. तो मी भरून काढला. हा वरचा थर माझा आहे."

"सांगा त्यांना, वरचा असेल. खालचा माझा आहे. खालचा नसता तर वरचा कशावर बसला असता?"

"सांगितलं," भीमोजीराव दोघींना एकदमच म्हणायचे, कुणालाच काही न सांगता.

मला या सगळ्याची फार मजा वाटायची. मी वर खोलीत जाऊन तिन्ही आवाजांत ते परत करून दाखवायची, स्वतःलाच. पण एकदा मी यमुनाक्कांना चिडवलं, "अक्का, देऊन टाका की त्यांना. तुम्ही दवाखान्यातला दुसरा एखादा चांगला ठेवून घ्या." त्या तव्याला तेलाचा हात देत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मला मूलबाळ झालं नाही, तुला माहीतच आहे. गिरिजेला तीन झाली. घरात सगळे म्हणायचे, घर आता धाकटीचंच. सासूबाई काही बोलायच्या नाहीत. पण जाताना म्हणाल्या, तवा आधी यमुनेकडे. एवढंच." मग त्यांनी तवा उजेडाकडे धरून बघितला. "तेवढ्यावर मी थोरली आहे, मरी. नाहीतर नुसती वयानं."

मरी म्हणजे लेकरू. लाडात आल्या की म्हणायच्या. मी परत तो विषय काढला नाही.

आता भीमोजीरावांचं सांगायला हवं. अतिशय सज्जन माणूस. वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, बोलणं कमी, आणि वर्षातला आवडता दिवस खंडेनवमी. कारण आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं, अवजारं, गाड्या सगळं लख्ख करून पूजतात. भीमोजीराव आदल्या दिवशी सकाळपासूनच बनियनवर बसायचे. पाने, पक्कड, करवत, कुदळ, शिलाई मशीन, स्कूटर, सगळं घासून पुसून पडवीत लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडायचे. त्या वर्षी त्यांच्याकडे एक नवीन खेळणं होतं. ड्रिलच्या टोकाला लावायचा तारेचा ब्रश.

यमुनाक्का झेंडू आणि कोहळा आणायला मार्केटला गेल्या होत्या. दसऱ्याची गर्दी, रस्ते बंद, त्यामुळे यायला उशीर झाला. मी माडीवर आवाजाचा सराव करत होते. खालून बराच वेळ घुर्रर्र घुर्रर्र येत होतं. मला वाटलं स्कूटर. कॉफी घेऊन खाली आले तर ओळीच्या शेवटी, कुदळीच्या पलीकडे, एक करडी तबकडी ऊन पडून चमकत होती.

"ओळखलंस?" भीमोजीरावांनी जादूगारासारखं विचारलं.

"नवीन झाकण आणलंत का, काका?"

"झाकण नव्हे गं. तवा!" त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. "दरवर्षी तलवार म्हणून पूजा करतो आपण, आणि ठेवतो कसा, तर काळाकुट्ट. मी म्हटलं, यंदा चमकू दे. केवढा मळ होता म्हणतेस! आईच्या काळापासूनचा!"

मी पायरीवर बसले. कॉफी माझ्या मांडीवर सांडली, तेही मला नंतर कळलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. यमुनाक्का आधी स्कूटरकडे बघून म्हणाल्या, "छान झाली." मग त्यांची नजर ओळीवरून पुढं सरकत गेली. पाने, पक्कड, करवत, कुदळ. तिथं थांबली. झेंडूची पिशवी हातातच होती.

मी कानांत बोटं घालायच्या तयारीत होते. आवाजच आला नाही. त्या खाली बसल्या, तवा मांडीवर घेतला, पेरानं टकटक केलं आणि कान लावला. खण्ण.

"जीव आहे," त्या कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अहो."

"हं?"

"स्कूटर एवढी चांगली झालीय. जरा फिरून या की."

"किती लांब जाऊ?"

"उटी."

भीमोजीरावांना तेव्हा कुठं समजलं. ते खरंच स्कूटर घेऊन बाहेर पडले, गळ्यात टॉवेल तसाच.

उरलेल्या दुपारी मी जे बघितलं ते मी दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर खरं मानलं नसतं. जगाला तेल कमी लावा म्हणून ओरडणाऱ्या या बाईनं त्या तव्यावर एरंडेल ओतलं. लावलं नाही, ओतलं. ताव दिला, थंड व्हायला वेळ न देता परत ओतलं. "मत्ते," म्हणजे परत, "अजून एक हात बसेल," असं म्हणत म्हणत परत. संध्याकाळी तवा काळा न होता चॉकलेटी झाला, आणि गुळाच्या काकवीसारखा चिकट. मी बोट लावलं तर बोट तव्यालाच राहतंय की काय असं वाटलं.

"उद्या सकाळी गिरिजा येणार," यमुनाक्का म्हणाल्या. "बघेल, आणि घेऊन जाईल. पाडव्याला परत द्यायची नाही. नियमच आहे तो."

मग त्यांच्या डोळ्यांत एकदम काहीतरी लुकलुकलं. मला त्यांचे ते डोळे माहीत होते. पडवीत बऱ्या झालेल्या पेशंटांत एक तवा तेवढाच रुंद, तेवढाच जाड होता. एका निवृत्त मास्तरांचा. मास्तर दसरा झाल्यावर न्यायला येणार होते. यमुनाक्कांनी तो उचलून आत आणला, घरच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि खरा तवा पलंगाखाली सरकवला.

"अक्का, त्या ओळखतील."

"म्हणून तर त्यांनी उद्या यायला नको. गिणी, शास्त्रीबुवांचा आवाज काढ."

दोन्ही घरांची पूजा सांगणारे आमचे शास्त्रीबुवा नाकात बोलायचे आणि प्रत्येक वाक्याला शुभं भवतु जोडायचे. हा आवाज माझा अगदी हातखंडा. मी फोन लावला, नाक चिमटीत धरलं आणि बोलले, "गिरिजाबाई, यंदा नवमीला प्रवास वर्ज्य आहे तुमच्या राशीला. पुढच्या आठवड्यात निघा. शुभं भवतु."

पलीकडून गिरिजाक्का गोड आवाजात म्हणाल्या, "बरं बरं. गिणी, शास्त्रीबुवा इथं माझ्या ओसरीवर बसून उप्पिट खातायत. त्यांना विचारून सांगू का तुला? आणि अक्काला म्हणावं, मी पहिल्या बसनं निघते."

मी यमुनाक्कांकडे बघितलं. त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि उशीखाली ठेवला, जसा काही गुन्हा त्या फोनचाच होता.

सकाळी गिरिजाक्का आल्या. उंच, सडपातळ, काखेत पिशवी. आल्या आल्या बन्नूर रोडवर बस किती वेळ अडकली त्याचं त्यांनी भीमोजीरावांकडे गाऱ्हाणं मांडलं. भीमोजीराव नेहमीसारखे मध्ये उभे, पण आज सीमेवरचा खांब दाराकडे सरकलेला होता. पाटावर मास्तरांचा तवा झेंडूची माळ घालून बसला होता. पूजा झाली. स्कूटरपुढं दृष्टीचा कोहळा फुटला. गिरिजाक्कांनी लांबूनच तव्याला नमस्कार केला आणि काही बोलल्या नाहीत. गिरिजाक्का गप्प बसल्यात असं कधी झालं नव्हतं.

आता प्रघात असा की नेणाऱ्या जावेला देणाऱ्या जावेनं त्या तव्यावर एक दोसा घालून वाढायचा, सासूबाईंचं नाव घेऊन. यमुनाक्कांनी तवा उचलून शेगडीवर ठेवला. तापू दिला. अर्धा कांदा काट्याला टोचून तव्यावर फिरवला. पीठ घेतलं. पळी तव्यावर आली, आणि थांबली.

पिठाचा एक थेंब पडून चर्र वाजला. यमुनाक्कांनी पळी परत भांड्यात ठेवली आणि शेगडी बंद केली. मग माझ्या देखत पहिल्यांदा त्या भीमोजीरावांकडे न बघता थेट समोर बघून बोलल्या.

"गिरिजा, हा आपला नव्हे."

"ते मला फाटकातूनच दिसलं," गिरिजाक्का म्हणाल्या.

यमुनाक्का वाकून पलंगाखाली गेल्या आणि तो चॉकलेटी, चिकट तवा घेऊन आल्या. गिरिजाक्कांच्या पुढं ठेवला. "सासूबाईंच्या नावाचा दोसा दुसऱ्याच्या तव्यावर घालवेना मला. घे. नियम तो नियम. आता तुझा." एवढं बोलून त्या पदरानं हात पुसायला लागल्या. हात आधीच कोरडे होते.

गिरिजाक्कांनी तव्यावर हात ठेवला. उचलायला गेल्या तर तवाही थोडा वर आला, एवढा चिकट. त्यांनी आपल्या तळव्याकडे बघितलं, मग यमुनाक्कांकडे.

"अक्का, एवढं तेल? बाळंतिणीला विहिरीत ढकललंस की काय?"

"घाई झाली गं."

"घाईनं काय होतं, जगाला सांगतेस ना? आणि आधी मला सांग, हा नागडा केला कुणी? तू तर नाहीस. तुझा हात असा नाही."

भीमोजीराव खिडकीबाहेर एवढं मन लावून बघायला लागले की ते बोलल्यासारखंच होतं.

"भाऊजी?"

"मला वाटलं मळ आहे," भीमोजीराव खिडकीला म्हणाले.

गिरिजाक्का मांडी घालून नीट बसल्या आणि कोर्टात निकाल वाचावा तशा म्हणाल्या, "सासूबाईंनी अट घातली ती कुणाला? सुनांना. सून बिघडवेल तर सुनेचा हक्क जाईल. मुलानं बिघडवला तर काय, हे त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या लेकानं केलंय हे. त्यात आपल्या दोघींचा काय संबंध?"

यमुनाक्कांनी मान वर केली.

"आणि हा असा नेऊन मी एकटी काय करू?" गिरिजाक्कांचा आवाज चढला. "खालचा थर माझा, वरचा तुझा, म्हणून एवढी वर्षं भांडलो. यांनी एका दुपारी दोन्ही खरवडून टाकले. आता भांडायला तरी काय राहिलं? मीठ आण. जाड. आधी हे चिकट काढू."

यमुनाक्का उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "पण पहिला हात एरंडेलाचा."

"तिळाचा."

"एरंडेलाचा! दवाखाना कुणाचा आहे इथं?"

"अहो भाऊजी, सांगा हिला," असं गिरिजाक्का म्हणाल्या आणि स्वतःच हसायला लागल्या. त्यांनी त्या दिवशीची परतीची बस सोडली, दुसऱ्या दिवशीचीही. आठवडाभर राहिल्या. दोघी पडवीत बसून तवा घासायच्या, तावायच्या, पुसायच्या आणि दिवसभर भांडायच्या, पण आता समोरासमोर. मी मध्ये जाऊन दोघींची नक्कल केली तर दोघींनी मिळून मला झाडूनं हाकललं. भीमोजीरावांना त्या आठवड्यात चहासुद्धा मागून घ्यावा लागला. मास्तरांचा तवा ठरल्याप्रमाणे घरी गेला. पूजा झाल्याचं कुणी त्यांना सांगितलं नाही. मास्तर नंतर कुणाला तरी म्हणाले म्हणे, दवाखान्यातून आल्यापासून या तव्यात काहीतरी पवित्र वाटतं.

मग तवा बन्नूरला गेला, आणि पाडव्याला परत आला. कडेला काळा, मध्ये अजून कॉफीसारखा. "एका जन्मात व्हायचा नाही हा पहिल्यासारखा," यमुनाक्का रोज सकाळी दोसा घालताना म्हणायच्या, तक्रार म्हणून नाही, आपलं हवापाण्यासारखं. त्यांच्याकडे बघून असं वाटायचं की हे काम संपणार नाही याचाच त्यांना आनंद आहे.

त्या पावसाळ्यात यमुनाक्का गेल्या. आजारपण वगैरे नाही. सकाळी पडवीत एका कढईला तेल लावत होत्या, आत येऊन जरा पडते म्हणाल्या, ते तेवढंच. कढईवाल्या बाई दुपारी आल्या तेव्हा पडवी माणसांनी भरली होती, त्या कढई न घेताच मागच्या मागे रडत गेल्या.

दिवस झाल्यावर गिरिजाक्का निघायची तयारी करत होत्या. सगळ्यांनी धरलंच होतं की तवा त्यांच्याबरोबर जाणार. भीमोजीरावांनी तो लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, गाठ मारून त्यांच्या पिशवीशेजारी आणून ठेवला. गिरिजाक्कांनी गाठ सोडली. तवा बाहेर काढून परत ओट्यावर ठेवला.

"खंडेनवमी झालीय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग? सहामाही तिची आहे. मी खंडेनवमीला येईन."

"अगं, पण मला दोसा कुठं येतो?" भीमोजीराव म्हणाले. "तो असाच पडून राहील. गंजेल."

"गंजला तर मग मी आहे आणि तुम्ही आहात," गिरिजाक्का म्हणाल्या. पदर डोळ्यांना लावला, पिशवी काखेत मारली आणि बन्नूरच्या बसला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळका वास आला म्हणून मी धावत खाली गेले. भीमोजीराव बनियनवर, कमरेला टॉवेल, तव्यासमोर उभे. दुकानातून आणलेलं पीठ फ्रिजमधून काढून थंडगारच घातलं होतं. दोसा जागचा हलेना. स्टीलचा कालथा बाजूला ठेवून ते लाकडी उलथण्यानं, तव्याला ओरखडा जाऊ नये अशा बेतानं, कडेकडेनं सोडवत होते. कपाळावर घाम. अर्धा निघाला, अर्धा तव्यालाच. जो निघाला तो त्यांनी वाटीत घालून मला चमच्यासकट दिला.

"कसा झालाय?"

"वाईट," मी म्हटलं.

त्यांनी वाकून तवा जवळून बघितला, चिकटलेलं हळूहळू खरवडलं आणि तेलाचा अगदी पातळ हात दिला.

"खंडेनवमीला अजून वेळ आहे," ते म्हणाले, आणि दुसरा घालायला घेतला.